उपरोक्त विषयास अनुसरून झोप

ठमीला झोप लागत नाही, याचं ठमीला स्वतःला काडीचंही दुःख नव्हतं. भर दुपारी सगळी इमारत दारं लोटून आडवी झालेली असायची, आणि ही बाई पाळण्याचा कठडा धरून उभी राहायची. आपला एकुलता एक दात दाखवत जगाकडे अशी बघायची, की जणू सभेला आत्ता कुठे रंग चढतोय. झोप हा प्रश्न होता तो ठमीच्या आईचा.

तसे उपाय सगळे करून झाले होते. मांडीवर झालं, खांद्यावर झालं, पोटावर पालथं घालून झालं. पंखा जोरात लावून झाला, बंद करून झाला. न्हाणीघरातला नळ बारीक सोडून ठेवला तर ठमीला नाही, पण ठमीच्या बाबांना सारखं उठावं लागायला लागलं. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी तीन मुलं वाढवलेली, म्हणजे इमारतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्या म्हणाल्या, "तू स्वतः झोपल्याचं नाटक कर. मूल बघतं आणि आपोआप झोपतं." ठमीच्या आईने नाटक केलं. ते इतकं हुबेहूब वठलं की ती खरंच झोपली. जागी झाली तेव्हा ठमी तिची पापणी दोन बोटांनी वर उचलून आत कोणी आहे का ते बघत होती. डॉक्टरांनी ठमीचं वजन केलं आणि छान आहे म्हणाले. वजनाबद्दल मुळात कुणाची तक्रारच नव्हती.

एरवी हेही निभलं असतं. पण ठमीच्या आईची रजा संपत आली होती. कचेरीतल्या मैत्रिणीने फोनवर, कुणी मेल्याची बातमी द्यावी तशा आवाजात सांगितलं होतं, "तुझ्या खुर्चीवर ती नवी मुलगी बसते. उशी आणलीय तिने." ठमीची आई त्या दिवशी जेवली नाही. नुसती बसली असती तर गोष्ट वेगळी. उशी आणणारी माणसं उठत नाहीत.

पाळणाघर लांब होतं, त्यातून तिथे जागा नव्हती. उरली एकच आशा, ती म्हणजे ठमीच्या बाबांची आत्या. आत्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या, तब्येतीने काटक आणि बोलायला कडक इस्त्रीच्या. त्या नाही म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी अट घातली होती. "सांभाळीन," त्या म्हणाल्या, "पण दुपारी झोपणारं मूल सांभाळीन. दुपारभर जागं मूल सांभाळायचं हे वय नाही माझं. मी येऊन बघते आधी." म्हणजे एक परीक्षा होणार होती. ठमीची आई आजवरच्या सगळ्या परीक्षा बऱ्या मार्कांनी पास झालेली. पण आतापर्यंत पेपर तिचा तिने लिहिला होता. हा ठमी लिहिणार होती.

आणि अशात एका दुपारी समोरच्या काकांनी माळा आवरायला काढला.

समोरचे काका म्हणजे सगळ्या विषयांतले जाणकार. त्यांचं दार उघडंच असायचं, कारण बंद दारातून सल्ला बाहेर जात नाही. माळ्यावरून त्यांनी एक म्हातारा टेपरेकॉर्डर उतरवला आणि चालतोय का बघायला हाताला लागली ती कॅसेट घातली. ठमीची आई तेव्हा ठमीला खांद्यावर टाकून जिन्याच्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारत होती. ठमी टाहो फोडत होती. आणि काकांच्या घरातून विहिरीच्या तळातून यावा तसा एक आवाज आला.

"म... हो... द... य... उपरोक्त... विषयास... अनुसरून... आपणांस... कळविण्यात... येते... की..."

ठमी गप्प झाली. ठमीची आई जागच्या जागी थबकली. "...आपला... दिनांक... नमूद... नसलेला... अर्ज... या... कार्यालयास... प्राप्त... झाला... असून..." ठमीचं डोकं हळूच खांद्यावर टेकलं. अर्ज विचाराधीन होता तोवर तिचे हात लोंबकळले. "आपला विश्वासू" यायच्या आत ठमी गाढ झोपली होती.

काकांच्या मुलीने लग्नाआधी लघुलेखनाचा क्लास लावला होता, त्या क्लासच्या सरांची ही सरावाची कॅसेट. सर पत्रं वाचतात, मुलींनी भराभर लिहून घ्यायचं. दोन्ही बाजूंना पत्रंच पत्रं. ठमीच्या आईला त्या क्षणी जगातलं सगळं गाणंबजावणं ओवाळून टाकावंसं वाटलं.

दुसऱ्या दुपारी तिने ठमीला घेऊन काकांचं दार गाठलं. "म... हो..." एवढं म्हणून टेपरेकॉर्डरने धूर सोडला आणि प्राण सोडला. काका उदार मनाचे. "कॅसेट घेऊन जा," म्हणाले. "टेप काय, कुठेही मिळेल."

कुठेही मिळत नव्हता. दुकानांतून आता सीडी होत्या. टेपरेकॉर्डर मागितला की विकणारी मुलं एकमेकांकडे बघून हसत. मग ठमीच्या बाबांनी प्रकरण हातात घेतलं. ठमीचे बाबा तत्त्वाचे. घ्यायची ती वस्तू चांगली घ्यायची, हे त्यांचं तत्त्व. त्यामुळे त्यांच्याकडे सुरी सुद्धा अशी होती की ती वापरायला वेगळं माहितीपुस्तक लागे. जुन्या सामानाच्या बाजारात दोघं गेली, तेव्हा कोपऱ्यात तीन-चार साधे, बटबटीत, बोलके टेपरेकॉर्डर पडले होते. त्यांच्याकडे बाबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांची नजर एका रुपेरी डेकवर खिळली.

होताच तसा तो. रुंद छातीचा, पुढे काच, काचेत दोन काटे, खाली बटणांची रांग. वजन असं की उचलणाऱ्याला आपण काहीतरी मिळवलंय असं वाटावं. दुकानदाराने बटण दाबलं. कॅसेटची चाकं फिरली, दोन्ही काटे उड्या मारायला लागले.

"आवाज?" ठमीच्या आईने विचारलं.

दुकानदार हसला. रस्त्यावर त्या वेळी एक लोखंडी पत्र्यांची गाडी रिकामी होत होती. "या गर्दीत काय कळणार आवाज, ताई? काटे बघा ना. काटे खोटं बोलतात का?"

काटे खोटं बोलत नव्हते. आवाज कुठून येतो, हे विचारायला हवं होतं. पण दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, जाणकार चेहऱ्याची. चार लोकांत अडाणी ठरण्यापेक्षा माणूस वस्तू विकत घेतो. बाबांनी मान डोलावली. "चालेल," म्हणाले, "मॉडेल चांगलं आहे." मॉडेल म्हणजे काय हे त्यांना आजही विचारू नये.

घरी आणून डेक टेबलावर मांडला. कॅसेट घातली. चाकं फिरली. काटे नाचले. घरात नीरव शांतता. बाबांनी कान लावला. पालथा करून पाहिला, तेव्हा आतून काहीतरी गडगडत इकडून तिकडे गेलं आणि पुन्हा सापडलं नाही. ठमी मात्र काट्यांकडे बघून इतकी खूश झाली, की त्या दिवशी तिने संध्याकाळची डुलकीसुद्धा रद्द केली.

काका आलेच. चष्मा वर सरकवून त्यांनी डेकची पाठ पाहिली आणि खो खो हसत सुटले.

"अहो, हा डेक आहे! याला तोंड कुठाय? याला अँप्लिफायर लागतो. त्याला पुढे स्पीकर लागतात. मोठा साहेब असतो ना, स्वतः कधी बोलत नाही, आधी शिपायाला सांगतो, शिपाई कारकुनाला सांगतो, मग कारकून बोलतो. तसं आहे हे."

"मला माहीत होतं ते," बाबा म्हणाले.

"मग आणला नाहीस तो?" ठमीच्या आईने विचारलं.

"टप्प्याटप्प्याने घेणार होतो," बाबा म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडून त्यामागे गेले. त्या वर्तमानपत्राची तारीख मागच्या आठवड्यातली होती, पण ठमीच्या आईने ते बोलून दाखवलं नाही. संसार असाच टिकतो.

अँप्लिफायर आणि स्पीकर बाबांच्या कचेरीतल्या सहकाऱ्याच्या मेव्हण्याने दिले, अगदी फुकट, वापरायला. मेव्हण्याचा धंदा समारंभांना आवाज पुरवण्याचा. त्याचा टेम्पो येऊन इमारतीखाली उभा राहिला आणि त्यातून दोन काळी कपाटं उतरली. एकेक स्पीकर बाबांच्या खांद्याइतका उंच. लिफ्टमध्ये एका वेळी एक स्पीकर मावे, बाबा मावत नसत. बाबा जिन्याने धावत वर गेले, तर लिफ्ट स्पीकरला घेऊन भलत्याच मजल्यावर थांबलेली. तिथे दार उघडलं, आणि स्पीकरसमोर नेमके सेक्रेटरी उभे.

सेक्रेटरी म्हणजे इमारतीच्या समितीचे चिटणीस. नियमावली त्यांना पाठ होती, कारण ती त्यांनीच लिहिली होती. "ध्वनिक्षेपक?" ते म्हणाले. "इमारतीत? लेखी अर्ज. प्रयोजन, वेळ, उपस्थितांची अंदाजे संख्या."

"एक," मागोमाग जिना चढून आलेली ठमीची आई म्हणाली. "एकच उपस्थित. आणि ती झोपावी अशी अपेक्षा आहे."

"ते अर्जात लिहा."

ठमीच्या आईने अर्ज लिहायला घेतला, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. हात आपोआप चालत होता. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, माझी कन्या दुपारी झोपत नसून, सदर बाब विचारात घेऊन योग्य ते आदेश व्हावेत. सेक्रेटरींनी अर्ज दोनदा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा भाव पसरला, की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपल्याला कुणीतरी आपल्या भाषेत पत्र लिहिलं. परवानगी मिळाली. अट एवढीच, की पहिल्या प्रयोगाला समितीचा एक सदस्य हजर राहील. सदस्य म्हणून ते स्वतःच आले, आणि येताना खुर्ची घेऊन आले.

पहिल्या प्रयोगाबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. बटण दाबलं, तेव्हा आधी सगळ्या खोलीभर मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखी घरघर झाली. मग डाव्या कपाटातून कुणीतरी तोंडात बोळा कोंबून बोलतंय असं ऐकू आलं. उजवं कपाट गप्प होतं. ठमीने दोन्ही कपाटांना आळीपाळीने थापट्या मारल्या. सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं आणि "आवाज मर्यादेत आहे" असा शेरा दिला.

"हेड घाण झालंय," काका म्हणाले. "स्पिरिटने पुसा."

"छे, अत्तराने," वहिनी म्हणाल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण स्पीकर वर गेलेले त्यांनी पाहिले होते. "माझे दीर अत्तरानेच पुसत. घरभर वास."

"दोन्ही नको, खोडरबर," सेक्रेटरी म्हणाले.

ठमीच्या आईने ठमीच्या कानाच्या काड्या घेतल्या, स्पिरिटमध्ये बुडवल्या, आणि कान साफ करताना धरते तसा श्वास धरून डेकचं हेड पुसलं. काड्या काळ्या झाल्या. तिला फार समाधान वाटलं. निदान एक तरी जीव या घरात गप्प राहून पुसून घेतो. मग तिने बटण दाबलं. डेकने "महोदय" म्हटलं, एक उचकी दिली आणि कॅसेट खायला सुरुवात केली.

फीत बाहेर ओढली जात होती, तपकिरी, चकचकीत, हातच्या हात. बाबांनी वायर उपटली. ठमीने तेवढ्यात फितीचं एक टोक तोंडात घालून दुसरं गळ्याभोवती घेतलं होतं. ठमीच्या आईच्या डोळ्यांपुढे काय काय आलं ते विचारू नका. गळफास, विषबाधा, आतड्यात अडकलेली दहा पत्रं. तिने ठमीचं तोंड उघडून बोट फिरवलं. पत्रं सुखरूप निघाली. त्यानंतर सगळी दुपार ती जमिनीवर बसून फितीच्या सुरकुत्या चमच्याच्या पाठीने सपाट करत होती, आणि बाबा पेन्सिल घालून फीत गुंडाळत होते. इस्त्री करू या का, असं त्यांनी एकदाच विचारलं. तिने नुसतं पाहिलं.

आता कारागीर हवा होता. काकांच्या ओळखीचा एक निघाला. त्याला सगळे डॉक्टर म्हणत, आणि तो ते नाकारत नसे. डॉक्टर आला, हातातली पेटी ठेवली, डेकवर हात ठेवून काही वेळ डोळे मिटून उभा राहिला.

"आधी कुणी हात लावला याला?"

बाबांनी छताकडे पाहिलं. काकांनी चष्मा पुसायला घेतला.

"खरं सांगा. माझ्यापासून लपवून उपयोग नाही. मला आतून कळतं."

"मी फक्त पुसलं," ठमीची आई म्हणाली.

"आणि पालथा केला?"

"थोडासा," बाबा म्हणाले.

डॉक्टरने जिभेने चक् चक् केलं आणि झाकण काढलं. आतला रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. दुपारपर्यंत नवा पट्टा बसला, गडगडणारा स्क्रू सापडला, उजवं कपाट बोलतं झालं. सगळे जमले. डॉक्टरने स्वतः बटण दाबलं.

"महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की आपला दिनांक नमूद नसलेला अर्ज या कार्यालयास प्राप्त झाला असून!"

आवाज खणखणीत होता. विहिरीच्या तळातला तो गंभीर म्हातारा कुठेच नव्हता. हा कुणी तरुण, घाईत असलेला, नुकता चहा पिऊन आलेला माणूस होता, आणि त्याला पुढची गाडी पकडायची होती. ठमी ताडकन उठून बसली. अर्ज प्राप्त झाल्याचं कळताच तिने टाळ्या वाजवल्या.

ठमीच्या आईला आता कुठे उमगलं. काकांचा टेपरेकॉर्डर शेवटच्या घटका मोजत होता, म्हणून सर रेंगाळत बोलत होते. ठमी झोपली होती ती सरांमुळे नाही, त्या मरणपंथाला लागलेल्या यंत्रामुळे. आणि तिने इतक्या लोकांना कामाला लावून, अर्ज करून, चमच्याने इस्त्री करून, त्या आवाजाला ठणठणीत बरं केलं होतं.

"डॉक्टर," ती चाचरत म्हणाली, "याला जरा... हळू करता येईल का? म्हणजे थोडंसं बिघडवून द्या."

डॉक्टरचा चेहरा असा झाला, की जणू तिने पेशंटला मारायला सांगितलं. "ताई," तो म्हणाला, "माझ्या हातून बिघडलेली मशिनं आहेत. नाही म्हणत नाही. पण मुद्दाम एकही नाही." आणि पेटी उचलून, झाकण तसंच उघडं टाकून, तो चालता झाला.

झाकण उघडं राहिलं ते बरं झालं. आतलं एक जड चाक गरगर फिरत होतं. ठमीच्या आईने भीत भीत त्यावर अंगठा टेकवला. "प्राऽऽप्त... झाऽऽला... असूऽऽन..." सर विहिरीत उतरले. ठमीचे डोळे जड झाले. अंगठा काढला, सर धावत वर आले, ठमीने डोळे उघडले. अंगठा टेकवला, मिटले. पण अंगठ्यालाही हाड असतं. ठमी पुरती झोपेपर्यंत आईच्या खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. शिवाय आत्यांच्या देखत टेबलापाशी असं वाकून उभं राहणार कसं? आत्या उद्या येणार होत्या.

"मी धरतो," बाबा म्हणाले. तत्त्वाच्या माणसाने असं काही सुचवावं यामुळे तिला इतकं भरून आलं, की त्या वर्तमानपत्राचं प्रकरण तिने मनातल्या मनात माफ केलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी अर्धी रजा टाकली. डेक दोन कपाटांच्या मधोमध, पाठ भिंतीकडे करून मांडला. भिंत आणि कपाटं यांच्या मधल्या जागेत बाबा उकिडवे बसले. वरून चादर. आत्या आल्या, पायातलं काढून नीट जोडीने ठेवलं, घरभर एक नजर टाकली.

"हे काय आणलंयस? लग्न आहे का कुणाचं?"

"नाही आत्या, ठमीसाठी. झोपताना लावतो."

"एवढं?" आत्यांनी कपाटांची उंची पाहिली. मग ठमीला मांडीवर घेतलं. ठमीने त्यांच्या नाकाची नीट तपासणी केली. ठमीच्या आईने बटण दाबलं आणि चादरीला पायाने हळूच खूण केली.

"म... हो... द... य..."

सगळं छान चाललं होतं. ठमीची मान कलली. आत्यांच्या कपाळावर मात्र एक आठी पडली. "हा माणूस आजारी आहे का गं?" त्यांनी विचारलं. "किती ओढतोय एकेक शब्द."

पण कपाटामागे धूळ होती. ती साफ करायची ठमीच्या आईच्या कामांत राहूनच गेली होती. चादरीतून आधी "हा" आला, मग आणखी एक "हा", आणि मग अशी सणसणीत शिंक आली, की दोन्ही कपाटं हलली. अंगठा निसटला. सर एकदम "विचाराधीन असून निर्णय यथावकाश कळविण्यात येईल!" असं ओरडत वर आले. ठमी टक्क जागी.

"कोण आहे तिथे?"

"दुरुस्तीवाला," ठमीची आई म्हणाली.

"दुरुस्तीवाल्याचे मोजे मी विणलेले कसे?" आत्या म्हणाल्या. चादरीखालून एक पाय बाहेर आला होता. "ये रे बाहेर."

बाबा बाहेर आले. केसांत जळमटं, अंगठा काळा. "बरी आहेस ना, आत्या?" असं त्यांनी अगदी सहज विचारलं.

ठमीच्या आईचा धीर सुटला. तिने सगळं सांगून टाकलं. काकांचा टेप, रुपेरी डेक, काटे, कपाटं, अर्ज, चमचा, डॉक्टर, अंगठा. आणि ती खुर्ची, ती उशी. सांगता सांगता तिला रडू आलं. "ती झोपत नाही हो आत्या. खरं सांगते, दुपारी अजिबात झोपत नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजेन. मला नोकरी सोडावी लागेल, तर सोडीन." हे सगळं तिला मोठ्याने सांगावं लागत होतं, कारण टेप बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं आणि सर एकामागून एक पत्रं वाचतच होते.

आत्या ऐकत होत्या. पण ठमीच्या आईचं नव्हे. नजर समोर कुठेतरी लागली होती, पाठ ताठ झाली होती, ओठ आवळले होते. आणि उजव्या हाताचं पहिलं बोट ठमीच्या पाठीवर चाललं होतं. एक बारीक रेघ, एक वळण, टिंब, पुन्हा रेघ. सर म्हणाले, "तरी सदर प्रकरणी". आत्यांचं बोट सदर प्रकरण लिहून मोकळं. ठमीच्या आईला तेव्हा कुठे आठवलं की आत्यांनी उभा जन्म साहेबांसमोर लघुलेखनाची वही घेऊन बसण्यात काढला होता. पत्र कानावर पडलं की त्यांचा हात थांबूच शकत नव्हता. वही नव्हती, मग ठमी होती.

ठमीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. टाळीसाठी उचललेला हात तसाच खाली आला. पाठीवर इतकं मऊ, इतकं भरभर, इतकं नियमित तिच्या आयुष्यात कुणी काही लिहिलं नव्हतं. दुसऱ्या पत्राला तिने जांभई दिली. तिसऱ्याला गाल आत्यांच्या खांद्यावर टेकवला. "आपला विश्वासू" आला, आत्यांनी मानेखाली एक ठसठशीत पूर्णविराम दिला, आणि ठमी घोरायला लागली.

कॅसेटची बाजू संपली. बटण खाडकन वर आलं. बाबा दचकले, ठमीच्या आईने तोंडावर हात धरला. ठमी हलली नाही.

आत्यांनी तिला अलगद सावरलं. "सोमवारपासून येते मी," त्या कुजबुजल्या. "तू आधी ती उशी फेकून दे."

ठमीच्या आईने नुसती मान हलवली. डोळे पुसले. बाबांनी कपाटाला टेकून एक मोठा श्वास सोडला.

"आणि हे बघ," आत्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जरा लाज होती. "ही कॅसेट मिनिटाला ऐंशी शब्दांची आहे. फार हळू पडते मला, मध्ये मध्ये हात रिकामा राहतो. सोमवारच्या आत शंभरची मिळते का बघ."